वाचकांचे प्रश्न : साथ आली तर बेघरांनी छप्पर कुणाकडे मागायचं?

कोरोनाच्या साथीत बेघरांच्या निवाऱ्याची सरकारनं काय सोय केली आणि पुन्हा तशी वेळ आली तर नाशिकमध्ये कुणाकडे काय मागता येईल, याबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या मजुरांना आणि रस्त्यावरच्या लोकांना शाळा-वसतिगृहांत ठेवलं, जेवण दिलं. ही प्रशासनाची मेहेरबानी होती की कायद्यानं करावंच लागत होतं?
— निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

करावंच लागत होतं. लॉकडाऊन ज्या कायद्याखाली लागला, त्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या (२००५) कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितलं आहे. निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता या गोष्टी त्यात नावानिशी आहेत. कलम ६१ म्हणतं की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म पाहून भेदभाव करायचा नाही. जागा नाही हे कारणही चालत नाही, कारण कलम ६५ खाली इमारत तात्पुरती ताब्यात घेता येते आणि कलम ६६ प्रमाणे मालकाला तिचा मोबदला मिळतो.

पैशाचं उत्तर २८ मार्च २०२० ला मिळालं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून बेघरांच्या आणि अडकलेल्या मजुरांच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा, जेवणाचा, कपड्यांचा व औषधांचा खर्च करायला केंद्रानं त्या दिवशी परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी गृह मंत्रालयानं राज्यांना तात्पुरते निवारे उघडण्याचा आदेश काढला.

अर्ज हरवतात ते पुढच्या गोंधळात, म्हणून हे नीट लक्षात घ्या. बेघरांसाठी पैसा दोन वेगळ्या खिशांतून येतो. आपत्तीतल्या तात्पुरत्या छावणीचा खर्च आपत्ती निधीतून होतो आणि जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बारमाही निवारा ही महापालिकेची जबाबदारी आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून (कार्यालयात त्याला ‘एनयूएलएम’च म्हणतात) तो उभा राहिला. योजनांची नावं बदलतात, पण ही वाटणी तीच राहते. छावणीचा अर्ज महापालिकेत आणि निवाऱ्याचा जिल्हाधिकारी कार्यालयात दिला, की तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि तोवर साथ ओसरते. साथीच्या काळात एकच अर्ज दोघांच्या नावे करावा, दोन्हीकडे आवक क्रमांक घ्यावा आणि एकाच्या प्रतीवर दुसऱ्याचा क्रमांक लिहावा.

नाशिकला नियमानं किती निवारे हवेत? आणि आहेत तेही रिकामे का दिसतात?
— एक वाचक, इंदिरानगर

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आणि पुढे एनयूएलएमच्या मार्गदर्शक सूचनांतून ठरलेला निकष असा : दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय असलेला, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा निवारा. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे जुन्या आकड्यानंसुद्धा सुमारे पंधराशे खाटा लागतात. शहर त्यानंतर किती वाढलं, हे पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत कुणालाही दिसतं.

निवारा रिकामा दिसला की ‘या लोकांना रस्त्यावरच राहायचं असतं’ असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे आणि त्यानं फार नुकसान झालं आहे. माणूस निवाऱ्यात येत नाही त्याची कारणं साधी असतात. पहिलं कारण अंतर. रामकुंडावर दानधर्मावर जगणाऱ्या म्हाताऱ्याला किंवा पहाटे मार्केट यार्डात हमाली मिळवणाऱ्याला पाच किलोमीटरवरची खाट निरुपयोगी आहे, तिथे झोपला तर सकाळची कमाई बुडते. दुसरं कारण कुटुंबाची फाटाफूट. पुरुषांचा एक हॉल, बायकांचा दुसरा, मग नवरा-बायको आणि दहा वर्षांचा मुलगा यांनी काय करायचं? कुटुंब कक्ष नसेल तर ते तिघं पुलाखालीच राहतात. तिसरं कारण सामान. हातगाडी, भंगाराचं पोतं, पथारी आत घेऊ दिली नाही तर रात्रीत ती चोरीला जाते आणि ती गेली की धंदाच गेला. कुलूप लागणाऱ्या पेट्या आणि गाडी लावायला आवार, एवढ्यावर निवारा भरू शकतो. शिवाय दाराशी आधार कार्ड मागणं, रात्री दहानंतर दार न उघडणं आणि भिक्षा प्रतिबंध कायद्याखाली पकडून नेतील ही भीती आहेच. १९५९ चा तो कायदा महाराष्ट्रात लागू आहे. म्हणून निवाऱ्याच्या पाहणी पथकात गणवेशातला पोलिस पुढे असू नये, ओळखीचा माणूस असावा.

साथीत ही सगळी कारणं दुप्पट होतात, कारण एकदा आत गेलं की बाहेर कधी सोडतील याची खात्री नसते. छावणीच्या दारावर बाहेर जाण्याचे नियम मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावा, आल्या माणसाला ते वाचून दाखवा.

आमच्या ट्रस्टचं पंचवटीत मंगल कार्यालय आहे. चाळीस बाय साठ फुटांचा हॉल. पुन्हा साथ आली आणि प्रशासनानं मागितला, तर किती माणसं ठेवता येतील? तयारी काय लागेल?
— विश्वस्त, पंचवटी

हॉल २,४०० चौरस फूट भरतो. एनयूएलएमच्या निकषात माणशी ५० चौरस फूट जागा आहे, त्या हिशेबानं ४८ माणसं बसतात. साथीत हा हिशेब चालत नाही.

गादी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद धरा. दोन गाद्यांमध्ये सगळीकडून तीन फूट अंतर सोडलं तर प्रत्येक गादीला नऊ बाय साडेपाच, म्हणजे जवळपास ५० चौरस फूट लागतात. नेहमीचा निकष म्हणजे तीन फुटांचंच अंतर. श्वासातून पसरणाऱ्या आजारात अंतर सहा फूट करायचं तर बारा बाय साडेआठ, म्हणजे १०२ चौरस फूट लागतात, आणि त्याच हॉलमध्ये २३ गाद्या मावतात. त्यातून जाण्यायेण्याची वाट, नोंदणीचं टेबल, वाढपाची जागा यांना पाचवा हिस्सा सोडा. उरतात १८. प्रशासनाच्या यादीत तुमच्या हॉलपुढे ‘क्षमता ५०’ लिहिलेलं असेल तर आजच लेखी दुरुस्त करून घ्या. छावणी उघडल्यावर सहाव्या फुटासाठी भांडता येत नाही, ट्रक दाराशी उभा असतो. गाद्या मांडताना एका रांगेतलं डोकं पुढच्या रांगेतल्या पायांकडे करा आणि जागा जमिनीवर चुन्यानं किंवा टेपनं आखून ठेवा. आखणी नसली तर दोन रात्रींत गाद्या पंख्याखाली सरकतात.

हवा खेळती असणं हे अंतराइतकंच महत्त्वाचं. समोरासमोरच्या खिडक्या दिवसरात्र उघड्या हव्यात आणि एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकणारा हवा. वातानुकूलन बंद. तळघरातला हॉल कितीही मोठा असला तरी देऊ नका. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लोक खिडक्या बंद करणारच, म्हणून माणशी दोन ब्लँकेट धरा.

संडास : जगभरच्या मदतकार्यात वापरला जाणारा ‘स्फिअर’ निकष वीस माणसांमागे एक सांगतो. अठरा जणांना एक पुरतो असं कागदावर दिसलं तरी बायकांचा वेगळा आणि लक्षणं असलेल्यांचा वेगळा मिळून तीन लागतात. बायकांच्या संडासाला आतून कडी, बाहेर दिवा आणि आत झाकणाचा डबा हवाच. पाण्यासाठी तोच निकष माणशी रोज १५ लिटर म्हणतो, पण त्यात हात धुणं, अंघोळ, कपडे असं सगळं बसवायला गेलात तर टाकी दुपारीच कोरडी पडेल. अठरा जणांना हजार लिटरची भरलेली टाकी रोज हाताशी ठेवा.

फरशी, नळ, कड्या पुसायला १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी. ते रोज ताजं करावं, उन्हात ठेवू नये आणि पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यावं. संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. माणसांच्या अंगावर फवारणी तर मुळीच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्ये तसं स्पष्ट बजावलं होतं. तिचा उपयोग नाही, डोळ्यांना आणि कातडीला इजा होते आणि माणसाचा अपमान होतो तो वेगळाच.

आजारी पडणाऱ्यासाठी एक बंद होणारी खोली पहिल्या दिवसापासून रिकामी ठेवा. नवरा-नवरीच्या तयारीच्या खोल्या यासाठी चांगल्या, कारण त्यांना बहुधा स्वतःचा संडास असतो. सकाळ-संध्याकाळ ताप आणि बोटाला लावायच्या यंत्रानं ऑक्सिजन बघावा. कोविडमध्ये ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की १०८ ला फोन, हा नियम होता. पुढची साथ कशाची असेल त्यावर आकडे बदलतील, दोन वेळा तपासण्याची शिस्त बदलणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याची क्षयरोगाची तपासणीही करून घ्या. साथीच्या गडबडीत हा रोग नजरेतून सुटतो आणि हॉलमध्ये तोही पसरतो.

आणखी एक गोष्ट, जी छावणी चालवणाऱ्यांना कुणी आधी सांगत नाही. रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, ते आरडाओरडा करतात, भिंतीवर चालणारे किडे दाखवतात. लोक याला माजोरीपणा समजून बांधून ठेवतात. हा जीवघेणा आजार आहे, त्याला रुग्णालयातच न्यावं लागतं. नोंदणीच्या वेळी ‘दारू किती आणि शेवटची कधी’ हा प्रश्न न रागावता विचारला तर कुणावर लक्ष ठेवायचं हे पहिल्याच संध्याकाळी कळतं.

खर्चाबद्दल : एनयूएलएमच्या निकषात ५० जणांचा निवारा चालवायला वर्षाला सहा लाख रुपये धरले होते. म्हणजे माणशी महिन्याला हजार आणि दिवसाला तेहतीस रुपये. साथीत माणसं निम्मी झाली तरी तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक, वीज आणि सफाई तेवढीच लागते, त्यामुळे माणशी खर्च दुपटीच्या जवळ जातो. प्रशासनाशी करार करताना रक्कम माणशी न ठरवता छावणीमागे ठरवा. जेवणाचा खर्च वेगळा लिहून घ्या.

आमच्या भागातल्या पुलाखाली राहणाऱ्या बऱ्याच जणांकडे एकही कागद नाही. कागदाशिवाय निवारा, लस, रेशन मिळतं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, द्वारका

निवाऱ्याच्या दाराशी ओळखपत्राची सक्ती करू नये. नाव, वय, गाव, जवळच्या माणसाचा नंबर, एवढी नोंद बास.

लसीसाठी ६ मे २०२१ ला केंद्रानं वेगळी कार्यपद्धती काढली होती. ओळखपत्र नसलेल्यांच्या गटासाठी एक ‘मुख्य सुविधादाता’ नेमायचा आणि त्याच्या मोबाइलवर गटाची नोंदणी करायची. साधू, भटके, रस्त्यावरचे भिक्षेकरी, वृद्धाश्रमातले लोक त्यात होते. पुन्हा लसीकरण आलं तर हीच पद्धत पहिल्या आठवड्यापासून मागा.

आधार काढण्याचा सोपा रस्ता मान्यताप्राप्त निवाऱ्यातून जातो. निवाऱ्याच्या प्रमुखानं यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) ठरलेल्या नमुन्यात फोटोवर सही-शिक्का मारून दिलेला दाखला चालतो. नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी यांचाही त्याच नमुन्यातला दाखला चालतो, पण साध्या लेटरहेडवरचं पत्र केंद्रावर परत पाठवतात. अर्ज इथेच सर्वांत जास्त अडतात. हा दाखला दिल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो हेही ध्यानात ठेवा.

मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची, मग मतदान केंद्र स्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहतो. त्या रात्री पोलिसांनी सगळ्यांना हाकलून दिलं तर नाव लागत नाही. स्थानिक पोलिस चौकीला आधी सांगून ठेवा.

रेशन : गावच्या कार्डात नाव असेल तर आधारच्या ठशावर नाशिकच्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य उचलता येतं, आणि घरच्यांनी आपला वाटा गावात उचलला तरी हरकत नसते. कार्डच नसलेल्यांना २०२० च्या मे-जूनमध्ये माणशी पाच किलो धान्य आणि कुटुंबाला एक किलो हरभरा देण्याची योजना होती. पण ज्याच्याकडे चूल नाही त्याला कोरडं धान्य देऊन काय उपयोग? त्याला शिजलेलं अन्नच हवं. शिवभोजन थाळी साथीत आधी पाच रुपयांवर आणि एप्रिल २०२१ पासून मोफत आली, तो निर्णय म्हणूनच योग्य होता. दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. अंगमेहनतीच्या माणसाला हे एका वेळचं जेवण झालं. दुसऱ्या वेळेची सोय वेगळी करावीच लागते.

मी अंबडला भाड्याच्या खोलीत राहतो. लॉकडाऊनमध्ये मालकानं भाड्यासाठी खोली सोडायला लावली होती. पुन्हा तसं झालं तर?
— कंत्राटी कामगार, अंबड

आज डोक्यावर असलेलं छप्पर वाचवणं हे नवा निवारा शोधण्यापेक्षा केव्हाही स्वस्त आणि सोपं. २९ मार्च २०२० च्या आदेशात कामगारांकडून एक महिना भाडं मागू नये आणि कामगार-विद्यार्थ्यांना घराबाहेर काढणाऱ्यावर कारवाई करावी असं होतं. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना दिली. ढकलणं म्हणजे माफी नव्हे. अनेकांनी माफी समजून पैसे खर्च केले आणि नंतर एकदम थकबाकीत सापडले.

तो आदेश त्या साथीपुरता होता. कायम उपयोगी पडतं ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. कलम २९ प्रमाणे वीज-पाणी तोडून बाहेर काढता येत नाही. भाडं रोख देत असाल तर आजपासून ते ऑनलाइन द्या. तुम्ही तिथे राहता याचा तोच पुरावा होईल. सामान बाहेर फेकलं तर फोटो काढा, ११२ ला फोन करा, आणि साथीचा आदेश लागू असेल तर जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वरही नोंदवा.

बसस्थानकाजवळ एक मनोरुग्ण बाई रस्त्यावर असते. निवारा केंद्र घेत नाही. कुणाला सांगायचं?
— एक वाचक, शालिमार

पोलिसांना. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या (२०१७) कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. कोठडीत ठेवता येत नाही. हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधणंही त्यांचंच काम. कलमाचा क्रमांक सांगून लेखी अर्ज द्या, तोंडी सांगण्यानं काम होत नाही. महिला मदतीसाठी १८१, सोबत मूल असेल तर १०९८.

सरकारनं साथीत भाड्याच्या स्वस्त घरांची योजना आणली होती. तिचा बेघरांना फायदा झाला का?
— लघुउद्योजक, सातपूर

पंतप्रधान आवास योजनेतली परवडणारी भाडे संकुलं जुलै २०२० मध्ये मंजूर झाली. शहर सोडून पायी निघालेल्या मजुरांचं चित्र त्यामागे होतं. १ मे २०२० ला जाहीर झालेल्या पहिल्या सहा श्रमिक विशेष गाड्यांपैकी दोन नाशिकहूनच सुटायच्या होत्या, एक भोपाळला आणि एक लखनौला. योजनेचे दोन भाग होते : सरकारनं बांधून रिकामी पडलेली घरं २५ वर्षांसाठी भाड्यानं चालवायला देणं, किंवा उद्योगांनी, संस्थांनी स्वतःच्या जागेवर बांधणं. चंदीगड, सुरतसारख्या शहरांत रिकामी घरं वापरात आली. पण पगार मिळणाऱ्या मजुराला ती परवडत होती, फुटपाथवरच्या माणसाला नाही. दरमहा भाडं आणि ओळखपत्र दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर होतं.

सप्टेंबर २०२४ पासूनच्या आवास योजना २.० मध्ये परवडणाऱ्या भाडे घरांचा घटक आहे आणि त्यात बेघरांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्यासारख्या उद्योजकांनी सातपूर-अंबडच्या संघटनांमार्फत कामगारांच्या सामूहिक शयनकक्षांचा प्रस्ताव द्यावा, पण त्यात निवाऱ्यातून आलेल्यांसाठी पहिले तीन-चार महिने भाड्याविना काही खाटा राखून ठेवाव्यात. रोजगार लागून पहिला पगार हातात यायला आणि तो टिकायला तेवढा वेळ जातो. ही मधली पायरी नसेल तर निवाऱ्यातून निघालेला माणूस पुन्हा पुलाखाली येतो.

साथ आणि पूर एकदम आले तर? गोदाघाटावर झोपणाऱ्यांचं काय?
— एक वाचक, पंचवटी

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंड, गौरी पटांगण परिसर आधी पाण्याखाली जातो आणि घाटावरची माणसं रातोरात वर हलवावी लागतात. साथ असेल तर त्यांना एकाच हॉलमध्ये कोंबता येत नाही. म्हणून पंचवटीत पूररेषेच्या वर, घाटापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत निदान तीन-चार इमारती मे महिन्यातच ठरलेल्या हव्यात, प्रत्येकीची सहा फुटी क्षमता लिहिलेली, किल्ली कुणाकडे आहे त्या माणसाच्या नंबरासह. सिंहस्थासाठी घाट मोकळा करतानाही हेच लागू आहे. जागा न देता हलवलेला माणूस चार दिवसांत परत येतो, फक्त अधिक अंधाऱ्या कोपऱ्यात.

आमचं ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. आत्ता साथ नाही, तर आज काय करता येईल?
— मंडळाचे सचिव, सिडको

माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे दोन अर्ज लागतील. पहिला महापालिकेला : नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सिडको, सातपूर या सहाही विभागांतले निवारे, प्रत्येकाची क्षमता व क्षेत्रफळ, गेल्या बारा महिन्यांची रोजची उपस्थिती, बेघरांच्या शेवटच्या सर्वेक्षणाची तारीख आणि ते रात्री केलं की दिवसा. रात्री न केलेलं सर्वेक्षण बेघरांच्या बाबतीत जवळपास निकामीच असतं. दुसरा जिल्हाधिकारी कार्यालयाला : जिल्हा आपत्ती आराखड्यात साथीच्या वेळी ताब्यात घ्यायच्या इमारतींची यादी आणि त्यांची क्षमता कोणत्या अंतरानं मोजली. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. उत्तर तीस दिवसांत, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. उत्तरं हाती आली की यादीतल्या इमारती प्रत्यक्ष बघून या. टेप घेऊन जा आणि संडासाच्या नळाला पाणी येतं का ते स्वतः उघडून पाहा.